व्हिएतनामी भाषा एकट्यानं बोलायची प्रॅक्टिस कशी करायची? सोलापुरात क्लासही नाही, बोलणारंही कोणी नाही

ड्रॅगनवाला_मोहोळ

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा येडा वाटंल पण सीरियस आहे. मी राहायला जुळे सोलापूरला, शेती मोहोळ साईडला. तेल्या रोगामुळं डाळिंब काढून टाकलं आणि तिथं ड्रॅगन फ्रूट लावलंय. माहिती शोधता शोधता यूट्यूबवर व्हिएतनामच्या शेतकऱ्यांचे व्हिडिओ लागले आणि मग त्यातच अडकलो. बिन्ह थुआन भागात रात्री अख्ख्या रानात दिवे पेटवून ठेवतात, झाडाला वाटतं दिवस मोठा आहे, मग थंडीतही फूल धरतं. आपल्याकडंही काहीजण आता हे करायलेत पण तिकडची मंडळी लई वर्षं करतात, बारीकसारीक सगळं कॅमेऱ्यापुढं सांगतात, दिवा किती उंचीवर, किती रात्री लावायचा, त्याआधी खत काय. आणि सगळं व्हिएतनामीत. ऑटो ट्रान्सलेट लावलं की खाली काहीच्या काही येतं, एकदा छाटणी चालू होती आणि खाली आलं की आजोबांचे हात कापा.

म्हणून म्हणलं भाषाच शिकू. ऍपवर बरेच महिने झाले करायलोय. वाचलेलं बऱ्यापैकी कळतं, लिपी इंग्रजी अक्षरांचीच आहे त्यामुळं ते अवघड नाही गेलं, क्रियापदाला काळ वचन लिंग काही चिकटत नाही हे तर लईच भारी. पण शेतकरी बोलायला लागला की एक शब्द कळत नाही, म्हणजे ऍपवर जो शब्द पाठ आहे तोच तो बोलतोय हे खाली सबटायटल वाचल्यावर कळतं. आणि दुसरं म्हणजे टोन, म्हणजे आवाजाचा चढउतार बदलला की शब्दाचा अर्थच बदलतो. मी बोललेला टोन बरोबर आला का चुकला हे सांगणार कोण? घरात मोठ्यानं प्रॅक्टिस केली तर मंडळी विचारते कुणाला शिव्या द्यायलाय. उत्तरेकडचं शिकायचं का दक्षिणेकडचं हा पण घोळ आहे, ऍप काहीच सांगत नाही. कोणी एकट्यानं शिकलंय का, रोज नेमकं काय करायचं ते सांगा की.

कडक_भाकरी

का बे, कशाला एवढी मगजमारी. आजकाल एआय आहे, व्हिडिओची लिंक टाक आणि मराठीत सगळं काढून घे. भाषा शिकायला जेवढा टाईम घालवणार तेवढ्यात अजून एक एकर लागंल. आणि दिवे लावायचे म्हणतोय, रात्रीची थ्री फेज लाईट येती का तुझ्याकडं नीट? आधी महावितरणची भाषा शिक.

सायगॉनची_सोलापूरकर

दादा, मी मूळची सोलापूरची, गारमेंटच्या कामानिमित्त हो ची मिन्ह सिटीत राहते (इथले लोक अजून सायगॉनच म्हणतात). प्रश्न वाचून एवढा आनंद झाला काय सांगू, ड्रॅगन फ्रूटसाठी व्हिएतनामी शिकणारा माणूस पहिल्यांदाच बघितला.

तुमचा पहिला प्रॉब्लेम कानाचा नाही, बोलीचा आहे. बहुतेक ऍपमधला आवाज हनोईचा असतो. तुमचे शेतकरी बिन्ह थुआनचे, नाहीतर त्याच्या खाली लाँग आन, तिएन जियांग वगैरे मेकाँग नदीच्या डेल्टातले, म्हणजे सगळे दक्षिणेकडचे. लिहितात एकच, बोलतात वेगळं. बाग या अर्थी जो शब्द ते सारखा वापरतात तो ऍप वुअन म्हणून शिकवतं, आणि डेल्टातला शेतकरी बोलताना म्हणतो युअङ. सुरुवातीच्या वी चा य झाला आणि शेवटच्या न चा ङ झाला, आता कसा ओळखणार तुम्ही? तसंच साधा डी आणि जी-आय ही उत्तरेत ज़ सारखी, दक्षिणेत य सारखी. आर हनोईत ज़, इकडं र. आडवी रेघ असलेला डी मात्र दोन्हीकडं आपल्या ड च्या जवळचा. ह्या पाच सहा अदलाबदली एकदा डोक्यात बसल्या ना की अर्धं धुकं जातं. एवढे सगळे नियम दक्षिणेतला प्रत्येक माणूस पाळतो असं नाही, बातम्या वाचणारा वी नीट वीच म्हणतो, पण रानात उभा राहून बोलणारा कशाला पाळंल.

तर माझं स्पष्ट मत, हनोई सोडा. लोक म्हणतात उत्तरेकडची प्रमाण भाषा आहे ती शिकावी, म्हणू देत. तुम्हाला परीक्षा नाही द्यायची, तुम्हाला ज्या माणसांचं ऐकायचंय त्यांचीच बोली शिका. त्यात एक फायदा पण आहे, उत्तरेत टोन सहा, दक्षिणेत बोलताना पाचच, हॉय आणि न्गा नावाचे दोन टोन इकडं एकच झालेत. लिहिताना खुणा मात्र वेगवेगळ्याच, त्यामुळं स्पेलिंग पाठच करावं लागतं.

ऐकण्यासाठी एकच करा. एकच शेतकरी पकडा, शंभर चॅनल नको. त्याचा एक व्हिडिओ, त्यातलं एकच मिनिट. आधी सबटायटल न बघता ऐका, मग व्हिएतनामी सबटायटल लावून (इंग्रजी नाही, मराठी तर नाहीच), मग परत न बघता, मग त्याच्या मागोमाग त्याच वेगात तोंडानं म्हणा, अर्थ कळो न कळो. रोज नवीन व्हिडिओ बघणाऱ्यापेक्षा हा माणूस लवकर पुढं जातो, हे मी माझ्या ऑफिसमधल्या परदेशी लोकांवरनं सांगते. आणि शेतकऱ्यांचे शब्द मोजकेच असतात हो, खांब, फांदी, कळी, फूल, खत, पाणी, दिवा, भाव, बुरशी. तेच तेच फिरून येतात.

अजून एक. इथले लोक ड्रॅगन फ्रूटची बाग एकरात नाही सांगत, किती खांब ते सांगतात, त्याला त्रु म्हणतात, आपण पोल म्हणतो तसंच. डेल्टात जमिनीचं माप कोंग, म्हणजे १००० चौरस मीटर, आपले जवळपास १० गुंठे. साओ म्हणलं तर मात्र सावध, उत्तरेत तो ३६० चौरस मीटर, मध्य भागात ५००, काही ठिकाणी १००० पण धरतात, तेव्हा माणूस कुठला ते बघूनच खताचा हिशोब करा.

ड्रॅगनवाला_मोहोळ

ताई हात जोडतो!! युअङ वाचलं आणि लगेच जुना व्हिडिओ लावला, पहिल्या वाक्यातच आहे की. मी तो शब्द आजपर्यंत माणसाचं नाव समजत होतो.

पूर्वभाग_एक्सपर्ट

सोलापूरच्या पूर्वभागातला माणूस बोलतोय, घरात तेलुगू, गल्लीत मराठी, कारखान्यात कन्नड, बाजारात दखनी हिंदी, त्यामुळं भाषेवर बोलायचा जन्मसिद्ध हक्क आहे आपला 😄 मी व्हिएतनामी थोडीफारच शिकलो, टॉवेलच्या धंद्यात एक पार्टी होती तिकडची म्हणून, नंतर पार्टी गेली, भाषेचं वेड राहिलं.

पुस्तकं सगळी इंग्रजीवाल्यांसाठी लिहिलेली असतात, त्यामुळं ते ज्या गोष्टीला घाबरवतात ती आपल्याला सोपी असती आणि आपल्याला जे अवघड ते कोणी सांगतच नाही. टी आणि टीएच चा फरक शिकवायला त्यांना दोन पानं लागतात. आपल्याला त आणि थ, संपला विषय. केएच म्हणजे विजापूर वेशीतला माणूस ख़ुदा म्हणताना जो ख़ काढतो तो. एनएच म्हणजे ञ. अवघड आहे ते सुरुवातीला येणारं ङ, वाङ्मय मधलं, ते शब्दाच्या सुरुवातीला आपण कधी काढतच नाही. त्याला युक्ती, "अंगण" म्हणायचं पण ग यायच्या आत थांबायचं आणि तिथनं पुढं बोलायचं. दुसरं अवघड म्हणजे शेवटचे प, त, क. आपण "साप" म्हणताना ओठ उघडतो आणि प फुटतो. व्हिएतनामीत ओठ मिटले की मिटले, आवाज तिथंच गिळायचा. आणि अशा शेवट बंद असलेल्या शब्दांना सगळे टोन लागतच नाहीत, फक्त दोनच लागतात, साक म्हणजे चढणारा आणि नांग म्हणजे खाली दाबलेला. म्हणजे ऐकताना निम्मं काम कमी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला कुठंच वाचायला नाही मिळालं. आपण प्रश्न विचारला की आवाज वर नेतो, "जेवला काऽऽ?" सवय आहे. व्हिएतनामीत हो-नाहीचा प्रश्न करायला शेवटी खोंग लावतात आणि त्याचा टोन सपाट आहे. तुम्ही सवयीनं वर नेला की टोनच बदलला ना राव. राग आला की आपण दाबून बोलतो, लाडात आलो की लांबवतो, हे सगळं तिथं शब्दाच्या आत घुसतं. म्हणून एकट्यानं प्रॅक्टिस करताना नुसते सुटे शब्द नको, प्रश्न विचारा. भिंतीला विचारा. भाव काय, पाणी दिलं का, फूल आलं का. आणि शेवटी आवाज सपाट ठेवायचा म्हणजे ठेवायचा, यंत्रासारखं वाटलं तरी चालंल.

नात्याचं पण सांगतो. मी आणि तू साठी एक ठराविक शब्द नाही, समोरचा दादा का काका का आजोबा त्यावर दोघांचे शब्द ठरतात. मराठी माणसाला काका म्हणलं की झालं, पण तिथं वडलांपेक्षा मोठा असला तर बाक आणि लहान असला तर चू. आमच्या तेलुगूत पेदनान्ना आणि चिन्नान्ना, कन्नडवाल्यांचं दोड्डप्पा चिक्कप्पा, अगदी तोच हिशोब. म्हणजे अशोक चौकातल्या कुठल्याही पोराला हे पाच मिनिटात समजतं आणि पुण्यामुंबईचे लोक त्यावर चार्ट बनवतात.

हुतात्मा_एक्सप्रेस

(वीकेंडला सोलापूर, बाकी पुणे. आयटी.) टोन कोण तपासणार ह्याचं उत्तर देतो कारण बाकीचं वर छान आलंय.

प्राट नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, ऍमस्टरडॅम विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी बनवलेलं, फुकट आहे, लॅपटॉपवर चालतं. भाषाशास्त्रवाले लोक वापरतात त्यामुळं दिसायला अगदी सरकारी, पण काम सोपं. शेतकऱ्याच्या तोंडचा एक शब्द कापून त्यात टाकायचा, आवाजाच्या पट्टीची रेघ दिसते, वर गेली का खाली आली का मधे मोडली. मग स्वतःचा तोच शब्द रेकॉर्ड करून त्याखाली लावायचा. दोन्ही रेघांचा आकार जुळला पाहिजे, उंची नाही, कारण तुमचा आवाज जाड त्याचा बारीक असू शकतो. हे डोळ्यांनी दिसतं ना तेव्हा कानालाही हळूहळू कळायला लागतं. आधी कान मग तोंड असं सगळे म्हणतात पण टोनच्या बाबतीत डोळा मधे घालायला काहीच हरकत नाही. फक्त क्लिपमागं मोटार नाहीतर कोंबडा ओरडत असंल तर रेघ पार नाचते, शांत ठिकाणची क्लिप घ्या.

लॅपटॉप नको असंल तर फोनचं व्हॉइस टायपिंग व्हिएतनामीवर करा आणि बोला. पण ह्यात एक गोम आहे आणि यूट्यूबवाले गुरु लोक ती सांगत नाहीत. पूर्ण वाक्य बोललात तर ते आजूबाजूच्या शब्दांवरनं अंदाज लावून बरोबर लिहितं, तुमचा टोन चुकलेला असला तरी. मग तुम्हाला वाटतं जमलं. म्हणून एकेक सुटा शब्द बोलायचा, असे शब्द घ्यायचे की जे फक्त टोननं वेगळे आहेत. ते मा मा मा वालं उदाहरण (एकच मा, टोन बदलला की अर्थ वेगळा) सगळीकडं असतं, तेवढ्यावर थांबू नका, तुमच्या शेतीच्या शब्दांच्या अशा जोड्या शोधा.

टायपिंग पण शिका, ऐच्छिक समजू नका. जीबोर्डमध्ये (गुगलचा कीबोर्ड) व्हिएतनामी टाकून टेलेक्स पद्धत निवडायची. त्यात खुणा अक्षरांनीच येतात, शब्दानंतर एस दाबलं की साक, एफ म्हणजे हुएन (उतरणारा), आर म्हणजे हॉय, एक्स म्हणजे न्गा, जे म्हणजे नांग. सपाट टोनला काहीच नाही. दिवा लिहायचा तर दोनदा डी, मग ई, एन आणि शेवटी एफ, झाला डेन. असं टाईप करताना प्रत्येक शब्दाला टोन कुठला हे आठवावंच लागतं, ऍपमध्ये चार पर्यायातला एक निवडताना ते कधीच आठवावं लागत नाही. खुणा न लावता सर्च केलं तरी रिझल्ट येतात म्हणून लोक आळस करतात, आणि मग वर्षानंतर विचारतात टोन का लक्षात राहत नाहीत.

अँकी (कार्डं बनवून पाठ करायचं ऍप) वापरत असाल तर कार्डावर शब्द नको, शेतकऱ्याच्या आवाजातलं छोटं वाक्यच टाका, अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात.

सायगॉनची_सोलापूरकर

व्हॉइस टायपिंगचं एकदम बरोबर. आणि दादा कृपा करून वहीत व्हिएतनामी देवनागरीत लिहू नका. इथं मी लिहितेय ते सगळ्यांना वाचता यावं म्हणून, पण देवनागरीत टोन कुठं दाखवणार, आणि ओठ न गोल करता म्हणायचा जो ऊ आहे त्याला आपल्याकडं अक्षरच नाही. ऊ म्हणायला सुरुवात करा आणि ओठ हसल्यासारखे ताणा, तो. व्हिएतनामी लिपी आधी पोर्तुगीज आणि इतर मिशनरी लोकांनी तयार केली, १६५१ मध्ये रोममध्ये तिचा शब्दकोश छापला गेला, म्हणजे खुणांची गर्दी दिसली तरी एकेका खुणेला काम नेमून दिलेलंय. लिहिलंय तसंच वाचायचं, इंग्रजीसारखी फसवाफसवी नाही.

दक्षिणेकडचा ऑडिओ कोर्स पाहिजे असंल तर अमेरिकेच्या फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूटचा १९६० च्या दशकातला जुना कोर्स नेटवर फुकट मिळतो, त्यात सायगॉनची बोली आहे. युद्धाच्या काळातला आहे त्यामुळं वाक्यं जरा दूतावासछाप, आवाजही घरघरतो, पण वाक्याचा एक तुकडा बदलून बदलून म्हणायचे जे व्यायाम त्यात आहेत ते एकट्या माणसासाठीच केल्यासारखे आहेत. ते म्हणतात, मधे जागा सोडतात, तुम्ही म्हणता, मग ते बरोबर उत्तर सांगतात. पार्टनर लागतोच कशाला.

कडक_भाकरी

त्याच इन्स्टिट्यूटनं सांगितलंय की इंग्रजी माणसाला व्हिएतनामी नीट यायला ११०० तास क्लास लागतो. हे पण सांगा की त्याला. ड्रॅगनची पहिली तोडणी होऊन जाईल.

पूर्वभाग_एक्सपर्ट

अरे भाकरी, ते डिप्लोमॅट लोकांचं माप आहे, वाटाघाटी करायच्या, पेपर वाचायचे. ह्याला खत किती आणि दिवा किती वाजता एवढंच पाहिजे. आणि ते इंग्रजी बोलणाऱ्यांचं माप आहे हे तूच लिहिलंयस. आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ ला चीनला गेले, तिथं चिनी शिकले आणि त्याच भाषेत पेशंट बघितले, शिकवलं पण. ते काय आधी तास मोजत बसले होते का.

कडक_भाकरी

कोटणीस चीनमध्ये राहत होते राव. हा मोहोळमध्ये आहे. मुद्दा तोच आहे ना, आजूबाजूला कोणी नाही.

हुतात्मा_एक्सप्रेस

हा पॉईंट मात्र बरोबर आहे भाकरीचा. आजूबाजूला कोणी नसंल तर भाषा दिवसात घुसवावी लागते, वेगळा तास काढून बसलं की आठवड्यात बंद पडतं. आकड्यांसाठी माझी पद्धत, रस्त्यावर गाड्यांचे नंबर वाचायचे. होटगी रोडला सिग्नलला थांबलं की समोर एमएच १३, लगेच मनात मुओई बा, मग पुढचे चार आकडे. भाव ऐकायला आकडे तोंडात पक्के पाहिजेत कारण तिकडं सगळं हजारात चालतं, नोटच ५ लाख डाँगची असते. हजाराला उत्तरेत न्गिन, दक्षिणेत न्गान. आणि पाच म्हणजे नाम, पण पंधरा पंचवीस मधे त्याचं लाम होतं, एकवीस एकतीस मधला एक पण बदलतो, ते गाड्यांच्या नंबरांनी आपोआप बसतं.

ड्रॅगनवाला_मोहोळ

सगळ्यांना धन्यवाद, भाकरी भाऊला पण, महावितरणचा मुद्दा काळजाला लागला 😂 एआयचं सांगतो, ते मी करून बघितलं, ढोबळ विषय कळतो पण जिथं आकडा येतो, माप येतं, नाहीतर गावाकडचा शब्द येतो नेमकं तिथंच गडबड करतं आणि मला तेवढंच पाहिजे असतं. शिवाय कमेंटमध्ये प्रश्न विचारायचाय त्या माणसाला, तो सगळ्यांना उत्तरं देतो.

ठरवलं आता, दक्षिणेकडची बोली, एकच शेतकरी, एक मिनिट. मोठ्यानं प्रॅक्टिस रानात ठिबकचे फिल्टर धुताना करतो, तिथं मंडळी नाही. ताई अजून दोन गोष्टी, कमेंटमध्ये त्याला काय म्हणून हाक मारायची? आणि माझ्या फांद्यांवर तपकिरी बारीक ठिपके आलेत, नंतर खवल्यासारखे खरखरीत होतात, तिकडं ह्याला काय म्हणून सर्च करू?

सायगॉनची_सोलापूरकर

तुमच्यापेक्षा थोडा मोठा दिसत असंल तर आन्ह म्हणा आणि स्वतःला एम. अंदाज येत नसंल तरी आन्ह चालतं, कोणी रागवत नाही. वाक्याच्या सुरुवातीला या लावा, लिहिताना साधा डी, ए आणि खाली टिंब, ऍपवाले त्याला ज़ा म्हणतील. दक्षिणेत मोठ्यांशी बोलताना हे लावलं की माणूस घरचा वाटतो. भारतातनं लिहितोय आणि तुमच्यासारखाच बागवाला आहे हे पहिल्याच वाक्यात लिहा, मोडकंतोडकं असलं तरी मशीनकडनं लिहून घेऊ नका, इथल्या लोकांना ते लगेच कळतं. लिहून झालं की इथं टाका हवं तर, मी बघते.

ठिपक्यांचं वर्णन वाचून डोम नाउ वाटतंय, म्हणजे तपकिरी ठिपका. शेतकरी त्यालाच ताक के पण म्हणतात, ती इथली मोठी पाल असते ना तिच्या कातडीसारखं दिसतं म्हणून. दोन्ही शब्द थान लोंग (म्हणजे ड्रॅगन फ्रूट) च्या पुढं टाकून शोधा, शेकडो व्हिडिओ येतील. पावसाळ्यात जोरात पसरतं, इथं लोक रोगट फांद्या कापून बागेबाहेर नेतात, खांबाखाली तशाच पडू देत नाहीत. औषधाचं नाव आणि डोस मात्र व्हिडिओतनं उचलू नका, इथं चालणारी सगळी औषधं भारतात चालतातच असं नाही. कापलेली फांदी पिशवीत घालून कृषी विज्ञान केंद्रात दाखवा आधी.

कडक_भाकरी

ते ठिपके माझ्या मेव्हण्याच्या बागेत पण आलेत, सांगोल्याला. ताई तो पालीवाला शब्द व्हिएतनामीत खुणांसकट टाईप कसा करायचा, टेलेक्समध्ये?

हुतात्मा_एक्सप्रेस

आला आला, भाकरी पण आला लाईनवर. टी, ए, डब्ल्यू, सी, एस, मग स्पेस, मग के, ई, एफ. डब्ल्यूनं ए वर वाटी येते, एसनं साक, एफनं हुएन.